फौजेतले शिक्षण आणि कॉलेजची पदवी



या वेळी खोडवा आणि हुमणी जरा बाजूला ठेवून वेगळ्या विषयावर लिहीत आहोत. ऊसविकासाच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा बांधावर उसाबरोबर घरच्या पोरांच्याही गोष्टी निघतात. "पोरगं फौजेतनं सुटून आलंय, आता पुढं काय करावं?" हा प्रश्न आम्हाला अनेक घरांत ऐकायला मिळतो. आपल्या भागात फौजेची परंपरा जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणून ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' या नावाने ओळखले जाते. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे.

जवान अठराव्या-विसाव्या वर्षी भरती होतो आणि पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशीच्या आसपास परत येतो. तोवर जमिनीच्या वाटण्या झालेल्या असतात आणि वाट्याला एखादा एकर येतो. मग पुष्कळजण ठाणे, कल्याण, डोंबिवलीची वाट धरतात. कारण तिथे कारखाने, गोदामे आणि मोठमोठ्या गृहनिर्माण संस्था आहेत व बहुतेकांचा कोणी ना कोणी नातेवाईक आधीच चाळीत किंवा फ्लॅटमध्ये राहत असतो.

डोंबिवलीस एका लग्नाला गेलो असता आम्हाला आपल्याच कार्यक्षेत्रातील एक माजी नाईक भेटले. सतरा वर्षे त्यांनी फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या. बर्फात बंद पडलेले इंजिन चालू करणारा हा माणूस आज एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतो. एका ठिकाणी सुपरवायझरची जागा निघाली होती. काम त्यांना येत होते, पण जाहिरातीत पदवीची अट होती आणि यांच्याकडे कागद दहावीचा. तिथेच गाडी अडली.

आता बघा, ऊस तोडला, गाडी भरली, पण काट्यावर वजनाची पावतीच झाली नाही, तर बिल कशाचे निघणार? या नाईकांच्या शिक्षणाचे तसेच झाले. शिक्षण खरे होते, पण त्याची पावती झाली नाही.

दुसरीकडे काय झाले

हा प्रश्न जगात सगळीकडेच आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४४ साली कायदा करून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. त्याचबरोबर फौजेत झालेले प्रशिक्षण कॉलेजच्या अभ्यासात किती धरायचे, हे ठरवण्याची पद्धत तिथे बसवली. कॉलेजातले शिक्षक फौजेचा अभ्यासक्रम तपासतात व अमुक कोर्सला अमुक श्रेयांक द्यावेत अशी शिफारस करतात. शेवटचा निर्णय त्या त्या कॉलेजचा असतो.

त्याच युद्धात आपले २५ लाखांवर जवान लढले. कल्याणजवळ तेव्हा लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. छावणीचे शहर झाले, पण छावणीत शिकलेल्याला कॉलेजात किंमत मिळण्यास आपल्याकडे फार काळ जावा लागला. अधिकाऱ्यांचे तसे नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. जवानाचा प्रश्न मात्र मागे राहिला.

आपल्याकडच्या सोयी

पहिली सोय १९८६ सालची. केंद्र सरकारच्या त्या वर्षीच्या आदेशानुसार मॅट्रिक झालेला अथवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेला, १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक, पदवीची अट असलेल्या 'गट क' च्या जागांसाठी पात्र धरला जातो. ज्या जागेला तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव लागतो, ती जागा यातून वगळली आहे. राज्य सरकारच्या भरतीतही अशीच तरतूद आहे.

पण इथे मोठा गैरसमज होतो. या आधारावर जवानाला मिळणाऱ्या दाखल्याला बोलीत 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' म्हणतात आणि घरचे समजतात, पोरगं ग्रॅज्युएट झालं. तसे नाही. सरकारी नोकरीच्या अर्जापुरती ती सवलत आहे. तिच्यावर एम. ए., बी. एड. किंवा वकिलीला प्रवेश मिळत नाही आणि खाजगी कंपनीवर ती बंधनकारक नाही. खरी पदवी विद्यापीठच देते.

दुसरी सोय श्रेयांकाची. २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने सैन्याबरोबर 'ग्यानदीप' योजना सुरू केली. सेवेतील प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरायचे, उरलेले निम्मे अभ्यास करून मिळवायचे, असे तिचे सूत्र होते. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा तेच सूत्र अग्निवीरांसाठी जाहीर झाले. याच विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीत ५० टक्के श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे व ५० टक्के भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांचे. मध्येच थांबला तर एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका. दहावीवर भरती झालेल्यास बारावीची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ठेवली आहे.

याची गरज उघड आहे. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच अग्निवीर कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आत सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी येतील. त्या पैशात ठिबक होईल, विहीर होईल. पण पुढची पस्तीस वर्षे पोटाला लागणारा आधार शिक्षणाचाच.

तिसरी गोष्ट २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याची. यात साधारण ३० तासांच्या शिकण्याला एक श्रेयांक व वर्षाला ४० श्रेयांक असा हिशेब आहे. कामाचा अनुभवही मूल्यमापन करून धरता येतो. हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे बँकेसारख्या खात्यात जमा होतात. मात्र आपोआप काही होत नाही. परीक्षण झाले पाहिजे, आणि त्याला कागद लागतो.

घरच्यांनी काय करावे

१. पोरगा नोकरीत असतानाच त्याला विद्यापीठात नाव नोंदवायला सांगा. सुटून आल्यावर संसार आडवा येतो.

२. प्रत्येक कोर्सचे, ट्रेडचे व आर्मी एज्युकेशनचे प्रमाणपत्र, तसेच डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत नीट ठेवा. नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, ते आधीच पाहा.

३. सेवेच्या अखेरच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात. ते सोडू नका.

४. जे आधीच सुटून आले, त्यांनीही निराश होऊ नये. १९८९ साली स्थापन झालेले आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला आहे. नोकरी करता करता तिथे शिकता येते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे असलेल्यांनी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. गावी असलेल्यांनी आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात.

५. "पैसे भरा, सहा महिन्यांत घरपोच डिग्री देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता पाहूनच पैसे भरा.

फौजेत शिकलेली शिस्त, यंत्राचे ज्ञान, माणसे सांभाळण्याची हातोटी यांना मोल आहे, ही गोष्ट आता सरकार व विद्यापीठे मानू लागली आहेत. ते मोल पदरात पाडून घेणे मात्र आपल्या हातात आहे. ज्यांचे मुलगे फौजेत आहेत किंवा सुटून आले आहेत, त्यांनी ऊस नोंदीसाठी गट ऑफिसला येताना कागदांच्या नकला बरोबर आणाव्यात. कोणता कागद कोणत्या कार्यालयात न्यायचा, एवढे सांगण्यास आम्ही व आमचे सहकारी तयार आहोत.