विश्लेषण : जुन्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्डचा सर्वात नवा ड्रायव्हर का चालत नाही? मग कोणता टाकायचा?

नाशिकच्या गंगापूर रोडवर केटीएचएम महाविद्यालय आहे, मविप्रचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि शहर मागे टाकून धरणाच्या दिशेने गेले की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही आहे. शिकणाऱ्यांचा रस्ता म्हटला की थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे आलेले डेस्कटॉपही आलेच. २०१२-१३ मध्ये घेतलेला, तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा असा एखादा संगणक डोळ्यांसमोर आणा. एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली की तो पुन्हा पळू लागतो. मग ऑटोकॅडसाठी किंवा व्हिडीओ एडिटिंगसाठी त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड येते. कार्ड बसते, पंखा फिरतो, पडद्यावर चित्रही येते. घोडे अडते ते त्यानंतर. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला ताजा ड्रायव्हर ‘सुसंगत ग्राफिक्स हार्डवेअर सापडले नाही’ असे सांगून बंद होतो.

कार्ड बिघडलेले आहे, असा निष्कर्ष काढून ते परत केले जाते किंवा खोक्यात जाऊन पडते. पुष्कळदा कार्ड ठणठणीत असते. चुकलेला असतो तो ड्रायव्हर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये काय बदलले?

जुन्या संगणकांसाठी हा महिना दोन कारणांनी महत्त्वाचा ठरला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या संगणकांना तो रस्ता अधिकृतपणे बंदच आहे.

त्याच महिन्यात एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांच्या कार्डांसाठी नेहमीचे ड्रायव्हर देणे थांबवले. जीटीएक्स ७५० टीआय, ९०० मालिका, जीटी १०३० आणि लोकप्रिय जीटीएक्स १०५० टीआय ही सगळी त्यात आली. त्यांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे कालपर्यंत ‘त्यातल्या त्यात नवे’ म्हणून घेतले जाणारे कार्डही आता जुन्यांच्या रांगेत बसले आहे.

कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर?

ड्रायव्हर हा विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या. प्रत्येक पिढीच्या चिपची भाषा वेगळी, आणि कंपनी सगळ्या भाषा कायम सांभाळत नाही. ठरावीक वर्षांनी जुनी पिढी यादीतून वगळली जाते. तिथून पुढच्या कोणत्याही ड्रायव्हरला ते कार्ड ओळखता येत नाही. म्हणून जुन्या कार्डासाठी ‘सर्वात नवा’ नव्हे, तर ‘त्या पिढीसाठी निघालेला शेवटचा’ ड्रायव्हर शोधायचा.

एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी (जीटीएक्स ४०० आणि ५०० मालिका) तो मार्च २०१८ मधला ३९१.३५ आहे. केप्लरसाठी, म्हणजे जीटीएक्स ६०० व ७०० मालिकांतली बहुतेक कार्डे आणि घरोघरी दिसणारे जीटी ७१०, यांच्यासाठी ४७० ही शाखा शेवटची. विंडोजवर तिचे क्रमांक ४७१ ते ४७५ या आकड्यांनी सुरू होतात. त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. मॅक्सवेल आणि पास्कलसाठी ५८० ही शेवटची शाखा. एएमडीने एचडी ७००० पासून आर९ फ्युरीपर्यंतच्या कार्डांचा नियमित आधार जून २०२१ मध्येच थांबवला.

खोक्यावरचे नाव पुरेसे का नाही?

कारण नावे फसवी असतात. जीटी ७३० हे त्याचे उत्तम उदाहरण. या एकाच नावाने दोन पिढ्यांची कार्डे विकली गेली. काही फर्मीची, काही केप्लरची. बाहेरून दोन्ही सारखीच हिरवट-काळी पाटी. एकाला ३९१.३५ लागतो, दुसऱ्याला ४७० शाखेतला. शेजाऱ्याकडे चालला तो ड्रायव्हर आपल्याकडे का चालत नाही, याचे उत्तर अनेकदा इथे असते.

खरी ओळख विंडोजमध्येच मिळते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’खाली पाहावे. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ दिसले तर ड्रायव्हर नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात व्ही-ई-एन या अक्षरांनंतर १०डीई असेल तर चिप एनव्हिडियाची, १००२ असेल तर एएमडीची आणि ८०८६ असेल तर इंटेलची. (इंटेलने आपल्या गाजलेल्या जुन्या प्रोसेसरचा आकडाच ओळखक्रमांक म्हणून घेतला आहे.) त्यापुढे डी-ई-व्ही नंतरची चार अक्षरे म्हणजे चिपचा नेमका क्रमांक. जीटी ७३० मध्ये तो ०एफ०२ असेल तर कार्ड फर्मीचे, १२८७ असेल तर केप्लरचे. हाच क्रमांक इंटरनेटवर शोधला की पिढी कळते.

टाकण्यापूर्वी काय पाहावे?

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल. कार्ड बसवूनही ती मदरबोर्डच्या जुन्याच पोर्टमध्ये राहिलेली असते. अशा वेळी चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे येत राहते आणि खापर ड्रायव्हरवर फुटते. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर आणखी एक अडचण आहे. पास्कल पिढीने अॅनालॉग आउटपुटच काढून टाकले, त्यामुळे १०५० टीआयला सिग्नल बदलणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारी स्वस्त पट्टी चालत नाही.

दुसरे म्हणजे वीज. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. जीटी ७१० ला १९ वॉट पुरतात, १०५० टीआय मात्र त्या ७५ च्या मर्यादेपर्यंत जाते. दहा वर्षे चाललेला एसएमपीएस तेवढा भार पेलेलच असे नाही. काम जड झाले की संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर ड्रायव्हर बदलत बसण्याआधी एसएमपीएस तपासलेला बरा.

ड्रायव्हर टाकण्याचा क्रम कोणता?

योग्य ड्रायव्हर आधी उतरवून घ्यावा, तोही कंपनीच्याच संकेतस्थळावरून. विंडोजचा रीस्टोअर पॉइंट तयार करावा. मग इंटरनेट तोडावे. वाय-फाय बंद करावे किंवा लॅनची तार काढावी. हे अनेकांना अनावश्यक वाटते, पण आपण जुना ड्रायव्हर काढत असतानाच विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळे होते आणि दोघांची गल्लत होते.

आधी दुसऱ्या कंपनीचे कार्ड असेल किंवा एखादा प्रयत्न अर्धवट फसला असेल, तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवून जुने अवशेष काढून टाकता येतात. एरवी त्याची गरज नसते. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिचकी मारली तरी पुरते. सोबत येणारी गेमिंगची जादा सॉफ्टवेअर टाळलेली बरी, जुन्या संगणकाला त्यांचे ओझेच होते. आणि कागदपत्रे, झूम, ब्राउझर एवढाच वापर असेल तर विंडोज अपडेटने आपणहून दिलेला ड्रायव्हर चालू ठेवण्यातही काही वावगे नाही.

चाचणी कशी करायची?

ड्रायव्हर ‘इन्स्टॉल झाला’ या संदेशावर काम संपवणे ही इथली नेहमीची चूक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे खरे नाव आले का, पिवळे चिन्ह गेले का, मॉनिटरचे पूर्ण रिझोल्यूशन मिळते का, हे आधी पाहावे. मग एक दिवस नेहमीचे काम करावे.

यूट्यूब अडखळत असेल तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नये. यूट्यूब बरेच व्हिडीओ व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी पाठवते. जीटी ७१० च्या चिपमध्ये त्या उलगडण्याची सोयच नाही, त्यामुळे तो भार प्रोसेसरवर पडतो. पास्कलला व्हीपी९ जमते, एव्ही१ नाही. कोणताही ड्रायव्हर चिपमध्ये नसलेली गोष्ट आणून देऊ शकत नाही.

जड चाचणीसाठी ‘युनिजिन हेवन’ हा २००९ पासूनचा मोफत प्रोग्राम जुन्या कार्डांना अजूनही योग्य मापाचा आहे. तो पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवायचा आणि शेजारी ‘जीपीयू-झेड’मध्ये तापमानाचा आकडा पाहत राहायचे. ‘फरमार्क’ कार्डाला याहून कितीतरी जास्त पिळते. सुकलेल्या थर्मल पेस्टच्या कार्डावर सुरुवातीलाच ते चालवणे म्हणजे आजाऱ्याला थेट मॅरेथॉनला पाठवणे. पारा ८५-९० अंशांकडे सरकत राहिला तर चाचणी थांबवून धूळ काढावी, पेस्ट बदलावी. नाशिकच्या जानेवारीत पास झालेले कार्ड एप्रिलमध्ये नापास होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. खोली पंधरा अंशांनी तापली की कार्डाचे तापमानही जवळपास तेवढेच वर जाते.

पडदा क्षणभर काळा होऊन परत आला आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ असा संदेश दिसला, तर विंडोजने दोन सेकंद वाट पाहून ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू केला, असे समजावे. एखाद्या वेळी असे होणे चालते. वारंवार झाले तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडून त्या-त्या दिवशी काय घडले ते पाहावे. रंगीत चौकटी किंवा उभ्या रेषा दिसत असतील तर एक सोपी परीक्षा आहे : संगणक सुरू करून बायोसच्या पडद्यावर जावे. तिथेही रेषा असतील तर विंडोज आणि तिचा ड्रायव्हर अजून सुरूही झालेला नाही. दोष कार्डाच्या मेमरीत, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. केबल-मॉनिटर बदलूनही रेषा राहिल्या, तर कार्ड परत करण्याची वेळ आली.

बनावट कार्ड ड्रायव्हरमुळे कसे उघडे पडते?

सेकंडहँड बाजारातला सर्वात महाग पडणारा फटका हा. फर्मीच्या जमान्यातल्या कार्डाचा बायोस बदलून ते ‘जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी’ म्हणून विकण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. विंडोजमध्ये नावही तेच दिसते. पण अधिकृत ड्रायव्हर टाकला की तो अडतो, ‘कोड ४३’ येतो किंवा संगणक कोलमडतो, कारण आतली चिप वेगळ्याच पिढीची असते. विक्रेता मग स्वतःचा ‘खास’ ड्रायव्हर देऊ करतो. तिथेच सावध व्हावे.

२०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून जीपीयू-झेड अशा अनेक एनव्हिडिया कार्डांच्या नावापुढे ‘फेक’ असे स्पष्ट लिहिते. हे साधन इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनही चालते. पैसे देण्यापूर्वी दुकानातच ते चालवून दाखवायला सांगण्यात संकोच नको.

एएमडीच्या आरएक्स ५७०, ५८० बाबत प्रश्न निराळा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर अशी कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. मायनिंगसाठी बायोस बदललेला असेल तर एएमडीचा ड्रायव्हर तो नाकारतो. मूळ बायोस परत टाकल्यावर कार्ड बहुधा सुरळीत चालते. ५८० च्या नावाखाली २०४८एसपी ही उणी आवृत्तीही विकली जाते. तिच्यात २३०४ ऐवजी २०४८ प्रक्रिया-एकक असतात. ड्रायव्हर यावर मुळीच अडत नाही, म्हणून हा आकडा जीपीयू-झेडमध्ये स्वतः पाहावा लागतो.

जुना ड्रायव्हर सुरक्षित आहे का?

ग्राफिक्स ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, सर्वाधिक अधिकारांसह चालतो. त्यातली फट म्हणजे थेट तिजोरीलगतची फट. २०२२ मध्ये लॅप्सस टोळीने एनव्हिडियाची प्रमाणपत्रे चोरली आणि त्यांची सही असलेली घातक सॉफ्टवेअर लगेचच फिरू लागली. ‘तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत’ असे घाबरवणारी अपडेटर सॉफ्टवेअर आणि गुगलवर सर्वात वर दिसणाऱ्या जाहिरातींतल्या लिंक म्हणूनच टाळाव्यात.

फर्मी आणि केप्लरच्या ड्रायव्हरमध्ये आता सापडणारी फट कंपनी बुजवणार नाही. ज्या संगणकावर ड्रॉइंग किंवा जुने गेम चालतात, तिथे ही जोखीम समजून घेऊन पुढे जाता येते. त्याच संगणकावरून घरचे नेट बँकिंग होत असेल तर मात्र ते मोबाइलवर हलवणे किंवा लिनक्सचा विचार करणे शहाणपणाचे. लिनक्समध्ये जुन्या एएमडी कार्डांचा मुक्त ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतो आणि त्याच्यासोबत सुधारतही राहतो. त्यामुळे विंडोजवर २०२१ मध्ये थांबलेली एचडी ७००० मालिका तिथे अजून चालू आहे. एनव्हिडियासाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर असतो. वेग कमी, पण रोजच्या कामाला पुरेसा. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता सुरू करून पाहता येते. विंडोजमध्ये कार्ड गडबड करते आणि तिथे तासभर नीट चालते असे दिसले, तर कार्ड चांगले असल्याची ती स्वस्त परीक्षा ठरते.

चालणारा ड्रायव्हर एकदा सापडला की त्याची इन्स्टॉलर फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी आणि कार्डाच्या पाटीवर मार्करने त्याचा क्रमांक लिहून टाकावा. पुढच्या वेळी विंडोज नव्याने टाकताना शोधाशोध वाचेल.