अश्वशास्त्र आणि पाव मैल

घोडा विकत घेण्याआधी तो पारखायचा कसा, याची आपल्याकडे जुनी विद्या आहे. नकुलाच्या नावावर असलेलं ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापून जपलं आहे. भोसल्यांचं तंजावर 1855 मध्ये खालसा झालं, पण मराठी बोलणारी घरं तिथे अजून आहेत. त्या घरांतल्या, आणि शेजारच्या तमिळ घरांतल्याही, कितीतरी पोरांचा जीव आज जुन्या यामाहा आरएक्स 100 वर जडलेला असतो. पारख इथेही लागतेच, फक्त ती आकड्यांची.

या पोरांना खुणावणाऱ्या ड्रॅग शर्यतीला वळण नसतं. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि उभ्या गाडीपासून सुरुवात. इथे पहिला प्रश्न येतो तो पैशाचा: अमुक सेकंदांसाठी किती अश्वशक्ती लागेल? जेम्स वॉटने ठरवलेली एक अश्वशक्ती म्हणजे साधारण 76 किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याची ताकद. शर्यतवाल्यांचं एक सूत्र त्यावरच उभं आहे. चालकासकट गाडीचं वजन किलोत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा आणि 7.58 ने गुणा. उत्तर सेकंदांत येतं.

आरएक्स 100 घेऊ. एस्कॉर्ट्सने 1985 पासून बनवलेली 98 सीसीची टू-स्ट्रोक, 11 अश्वशक्तीची, सुमारे 100 किलोची. चालक 60 किलोचा धरला तर एकूण 160. सूत्र सांगतं साडेअठरा सेकंद. हे उत्तर अंदाजाचंच, कारण सूत्र मोटारींवरून बसवलेलं आहे. लहान इंजिनाला हवा जास्त अडवते आणि सुरुवात चुकली तर सगळंच बिघडतं. पण तुलना करायला ते पक्कं आहे. आता हीच गाडी 15 सेकंदांत न्यायची म्हटलं, तर 21 च्या आसपास अश्वशक्ती लागते. वेळ साडेतीन सेकंदांनी कमी, ताकद मात्र जवळजवळ दुप्पट! घनमूळ असं महाग पडतं. बजेटवाल्याने पहिली गाठ मारायची ती याचीच.

उलट 10 किलो वजन उतरवलं, तर सूत्रानुसार 0.4 सेकंद सुटतात. इंजिनातून तेवढंच मिळवायचं तर पाऊण अश्वशक्ती वाढवावी लागेल. वजनाचा हिशेब आधी करावा, पोर्टिंगचा (सिलिंडरची छिद्रं घासून मोठी करण्याचा) नंतर, हे माझं ठाम मत आहे. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दातांनी मोठं केलं तर ताकद तीच राहते, पण गाडी जागेवरून जोरात उचलते, आणि खर्चही थोडाच येतो. चेन सैल नसावी, क्लच घसरू नये, ब्रेक चाकाला घासत नसावा. इतकं झालं की मगच एक्स्पान्शन चेंबरकडे, म्हणजे टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्ट नळीकडे, बघावं.

इंजिनाला हात घातलाच, तर प्लग बघायला शिकावं. पूर्ण थ्रॉटलवर पळवून गाडी लगेच बंद करायची, प्लग काढून उजेडात धरायचा. टोकाचं पांढरं चिनीमातीचं आवरण चहाच्या रंगाचं झालं असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट बरोबर. काळं, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक राहिलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय, आणि पुढच्या दोन-चार धावांत पिस्टन जाम होऊ शकतो. मोठ्या जेटची किंमत नव्या पिस्टनपुढे काहीच नाही.

केलेलं काम लागू पडलं का, हे पट्टीच सांगते. शेवटच्या टप्प्यात मोजलेला वेग इंजिनाची ताकद दाखवतो. एकूण वेळ चालकाची सुरुवात दाखवते. वेग चांगला पण वेळ वाईट, तर इंजिनावर आणखी पैसे घालू नयेत. क्लच सोडण्याचा सराव करावा.

तमिळनाडूत मोटारशर्यतींची परंपरा जुनी आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा. त्याच्या शर्यती आधी शोळावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर होत; मग 1990 मध्ये चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक आला. राष्ट्रीय मोटरसायकल ड्रॅग स्पर्धा तिथे झाल्या आहेत, आणि त्यात लहान टू-स्ट्रोक गाड्यांनाही जागा असते.

तंजावरहून तो ट्रॅक सुमारे 300 किलोमीटरवर आहे. तेवढा प्रवास करा, हेल्मेट आणि चामड्याचा सूट घाला, रीतसर नाव नोंदवा. तिरुच्चीच्या हमरस्त्यावर, लोकांच्या वाहतुकीत, घड्याळ लावू नका.