प्रश्न आपल्या गावचा, भाषा आपली

'लातूर पॅटर्न' या दोन शब्दांनी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचे वेळापत्रक ठरवले. बारावीच्या मुलाने किती वाजता उठावे, कोणत्या क्लासला जावे, हे आता औसा-अहमदपूरच्या आजीबाईंनाही सांगता येते. मात्र तोच मुलगा डॉक्टर-इंजिनिअरच्या रांगेतून बाहेर पडून बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला गेला, की घरातले सगळे सल्लागार गप्प होतात. 'आता काय, तीन वर्षे काढायची!' एवढेच वाक्य उरते. खरे तर याच मुलांना आज सल्ल्याची गरज आहे.

कारण पदवीचे नियम बदलले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही सुरू झाली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो की दुसरे कोणते, हिशेब आता श्रेयांकांचा, पोरांच्या भाषेत क्रेडिटचा. वर्गातल्या पंधरा तासांना एक श्रेयांक, प्रत्यक्ष कामाच्या तीस तासांना एक. राज्याच्या आराखड्यात इंग्रजीला चार आणि आधुनिक भारतीय भाषेला चार श्रेयांक आहेत. शिवाय क्षेत्र प्रकल्प आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. म्हणजे चौथ्या वर्षाचा विचार तिसऱ्या वर्षी करून भागत नाही. पहिल्या सत्रातले गुणही मोजले जातात. आपल्या महाविद्यालयात ही सोय आहे का, मार्गदर्शक कोण, हे प्रवेश घेतानाच विचारावे.

नियम पाठ झाले तरी मुले अडतात ती भाषेशी. इंग्रजी म्हणजे कसाबसा 'काढायचा' विषय आणि मराठी काय, 'येतेच की', असा समज असतो. घरी बोलता येणे वेगळे आणि पाहिलेली गोष्ट चार सरळ वाक्यांत मांडणे वेगळे. भाषेचा पेपर हा प्रकल्पाचा पाया आहे, हे कोणी सांगत नाही.

आपल्या भागात तर भाषा आणि संशोधन यांची गाठ फार जुनी आहे. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. इथल्या मराठी मुलांनी कायदा, गणित उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेले, पण दप्तर त्याच भाषेत राहिले. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा निजामकालीन कागद उघडले गेले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ज्याला ती अक्षरे लागत होती, त्याचा भाव एका आठवड्यात वाढला. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी शिकावी. देगलूर-बिलोलीच्या मुलाची तेलुगू, उदगीर-निलंग्याकडची कन्नड, किनवटच्या तांड्यावरची बंजारा बोली हे लाजण्यासारखे काही नाही. संशोधनासाठी ते घरचे भांडवल आहे.

आता प्रकल्प. बँकेत कर्जप्रकरणांचे अहवाल वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली. एका गावची म्हैस जितके लिटर दूध द्यायची, तितकेच, अगदी मिलीलिटरपर्यंत, दुसऱ्या तालुक्यातली म्हैसही कागदावर द्यायची. कधी कधी तर मधल्या पानावर जुन्या अर्जदाराचे नाव तसेच राहिलेले असे. असा अहवाल ओळखायला दोन मिनिटे पुरत. सरांनाही पुरतात. पूर्वी तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळायचा, आता मोबाइल क्षणात वीस पाने लिहून देतो. त्या पानांत चूक एकच असते: तुमचे गाव त्यात नसते.

'मराठवाड्यातील पाणीप्रश्न' हा प्रकल्पाचा विषय नव्हे, ते भाषण झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर आपल्या गल्लीतल्या किती घरांनी बोअर घेतले, किती फुटांवर पाणी लागले, त्यातले आज किती चालू आहेत, हा प्रश्न झाला. वाणिज्य शाखेच्या मुलीने एका शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या पट्ट्या जमवाव्यात; हमाली, तोलाई वजा जाता घरी किती आले ते मांडावे. मराठीच्या विद्यार्थ्याने किल्लारी परिसरातल्या वृद्धांकडे जावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीची घरे पडली आणि नव्या वसाहतींत घरांची तऱ्हा बदलली. माळवद, ढेलज, बळद हे शब्द आता किती नातवंडांना कळतात? तीस घरांत विचारले तरी भाषा, इतिहास आणि समाज एका वहीत येतात.

चार श्रेयांकांचे असे काम म्हणजे १२० तास. रोज दोन तास दिले तर साठ दिवस. वहीत तारीख, गाव, बोलणाऱ्याचे वय लिहावे. नाव छापायचे असेल तर त्याची परवानगी घ्यावी. पुस्तकातले वाक्य घेतले तर पुस्तक आणि पान नोंदवावे. मोजलेले आकडे विषयाला गैरसोयीचे निघाले तरी बदलू नयेत. आधी मराठीत स्वच्छ लिहावे, मग त्याचा एका पानाचा सारांश स्वतःच्या इंग्रजीत करावा. मोडके असले तरी ते इंग्रजी आपले असते आणि दुरुस्त होते. उसने घेतलेले मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच दगा देते.

नरहर कुरुंदकर कुरुंद्यासारख्या गावातून आले, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत राहिले आणि नाट्यशास्त्रापासून इतिहासापर्यंत मराठीतूनच लिहिते झाले. ज्ञानासाठी मोठे शहर लागतेच असे नाही, हे त्यांनी याच भूमीत दाखवले.

पालकांना एकच सांगणे. मुलगी वही घेऊन शेजारच्या गावी माहिती विचारायला निघाली, तर 'हे कसले शिक्षण?' म्हणून अडवू नका. एस.टी.च्या भाड्याचे पैसे द्या, आणि संध्याकाळी परतल्यावर तिला काय कळले ते विचारा. तिला ते नीट सांगता आले, तर अर्धा प्रकल्प त्याच वेळी झालेला असतो.