संगणकीय नकाशावर वाडी, विहीर आणि साकवाची अचूक नोंद

महाड व पोलादपूर तालुक्यांतील गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. सावित्री, काळ व गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत आणि सह्याद्रीच्या उतारावर एकेका गावाच्या वाड्या व कोंड विखुरलेले असतात. तलाठी दप्तरात गाव एकच असते. प्रत्यक्षात गावठाण खाली, एक वाडी डोंगराच्या पायथ्याशी, दुसरी वरच्या सपाटीवर आणि मध्ये पऱ्ह्या अशी स्थिती असते. परक्या माणसाला गावाचे नाव कळून भागत नाही. त्याला वाडी कळावी लागते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी आल्या. महाड शहर पुरात होते आणि रस्ते बंद होते. नकाशाने दरड थांबत नाही हे उघड आहे. परंतु फोन लागत नसताना मदत घेऊन निघालेल्या पथकाला वाडी कुठे, वाट कोणती, वाटेतली फरशी पाण्याखाली जाते काय, हे विचारायला नकाशाखेरीज दुसरे काही उरत नाही. सुतारवाडी रोहा तालुक्यातही आहे. नकाशावर नुसते 'सुतारवाडी' असे नाव शोधणारा माणूस कुठल्या कुठे जाईल, याचा विचार करावा.

सर्वांनी मिळून केलेला नकाशा

ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा संगणकीय नकाशा इ. स. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. नाव नोंदवून कोणीही त्यात भर घालू शकतो, दुरुस्ती करू शकतो आणि त्यातील माहिती विनामूल्य वापरू शकतो. मात्र वापरताना नकाशाचे नाव द्यावे लागते. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रे पाहून काही दिवसांतच तेथील रस्ते या नकाशावर आखले व मदत पथकांनी ते वापरले.

दूरच्या माणसाला छायाचित्रावरून छप्पर दिसते, रस्ता दिसतो, हिरवे रान दिसते. ते रान काजूचे की रायवळ आंब्याचे, त्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते काय, वाडीला लोक कोणत्या नावाने ओळखतात, हे त्याला दिसत नाही. म्हणून आपल्या भागाच्या नकाशातील उणीव मुख्यतः रेषांची नसून नोंदींची आहे, आणि ती गावातल्या माणसानेच भरून काढायची आहे.

टॅग म्हणजे काय?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याच्या पिशवीला पांढरी. तिला आपण टॅगच म्हणतो. त्या चिठ्ठीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख असे रकाने ठरलेले असतात आणि प्रत्येक रकान्यासमोर एकच नोंद असते. वाणाच्या रकान्यात कोणी 'चांगले भात' असे लिहिले तर ती चिठ्ठी निरुपयोगी होते.

नकाशावरील टॅग असाच असतो. नकाशावर वस्तू काढण्याचे मुख्य प्रकार तीन: बिंदू (विहीर, झरा), रेषा (वाट, पऱ्ह्या) आणि बंदिस्त क्षेत्र (खाचर, बाग, तलाव). नुसत्या बिंदूला काही अर्थ नसतो. त्याला 'मॅन मेड = वॉटर वेल' असा टॅग लावला म्हणजे ती विहीर होते. डावीकडे रकाना, उजवीकडे नोंद. एका वस्तूला असे कितीही टॅग लावता येतात. हे शब्द इंग्रजीत लिहावयाचे असतात, परंतु फोनवरील अ‍ॅपमध्ये यादीतून निवडता येतात, त्यामुळे स्पेलिंगची धास्ती बाळगू नये.

या यादीवर कोणा अधिकाऱ्याचा शिक्का नाही. शब्द वापराने व चर्चेने रुळतात. नवा शब्द घालण्यास बंदी नाही, पण घालू नये असा माझा आग्रह आहे. एकाने 'वेल', दुसऱ्याने 'विहीर', तिसऱ्याने 'बावडी' असे लिहिले तर संगणकाच्या दृष्टीने त्या तीन निराळ्या वस्तू होतात आणि तालुक्यातील विहिरी मोजू म्हटले तर हाती काहीच लागत नाही. कोणता शब्द किती वेळा वापरला गेला आहे हे टॅगइन्फो या संकेतस्थळावर पाहता येते.

आपल्या भागातील वस्तूंना लावावयाचे टॅग

गावाला 'प्लेस = व्हिलेज', वाडी किंवा कोंडाला 'प्लेस = हॅम्लेट', रानातील एकदोन घरांना 'प्लेस = आयसोलेटेड ड्वेलिंग' असे लिहावे. वाडीचे मराठी नाव देवनागरीत लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे, तो अवश्य भरावा. पर्यायी नावाचाही रकाना आहे. कागदोपत्री एक नाव आणि बोलण्यात दुसरे, ही आपल्याकडील नेहमीची गोष्ट असल्याने दोन्ही लिहावीत.

साकव हा शब्द यादीत नाही. साकव म्हणजे पायवाटेचा पुलावरून जाणारा तुकडा. म्हणून पायवाटेची रेषा काढून तेवढ्याच तुकड्यास 'ब्रिज = यस' हा टॅग जोडावा. तो तुकडा 'पाथ' म्हणजे पायवाट म्हणूनच राहू द्यावा, रस्ता म्हणून दाखवू नये. रुग्णवाहिका साकवापर्यंत जाऊन थांबली तर दोष नकाशाचा होतो. पाखाडीला 'हायवे = स्टेप्स' लावावे. हायवे हा शब्द येथे कोणत्याही वाटेसाठी आहे. इंग्रजांची ही रीत आपल्याला विचित्र वाटते, पण ती तशीच पाळावी.

फरशीबाबत अधिक काळजी घ्यावी. पुरात बुडणाऱ्या ठेंगण्या पुलासाठी 'ब्रिज = लो वॉटर क्रॉसिंग' आणि पाण्यातूनच जावे लागत असेल तर 'फोर्ड = यस' अशी सोय आहे. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्याच्या तुकड्याला 'फ्लड प्रोन = यस' जोडता येते. माझ्या मते या दोन तालुक्यांत एकच टॅग लावावयाचा झाला तर तो हाच. पूल पडला तर नोंदही त्वरित बदलावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील महामार्गाचा जुना पूल वाहून गेला आणि नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये वाहतुकीस खुला झाला. मधल्या काळात जुन्या पुलाची रेषा तशीच राहिली असती तर नकाशा वाटसरूला थेट नदीत नेणारा ठरला असता.

पऱ्ह्याला 'वॉटरवे = स्ट्रीम' आणि त्यासोबत 'इंटरमिटंट = यस' लिहावे, म्हणजे तो बारमाही नाही हे कळते. झऱ्याला 'नॅचरल = स्प्रिंग'. पोती रचून केलेला वनराई बंधारा पहिल्या पावसात जातो, त्याला धरणाचा टॅग लावू नये. दरवर्षी त्याच जागी होत असेल तर 'वेअर' लिहून हंगामी असल्याची नोंद जोडावी, एरवी सोडून द्यावे.

जमिनीबाबत थोडक्यात सांगतो. भाताच्या खाचरांना 'लँडयूज = फार्मलँड' व 'क्रॉप = राइस', फळबागेला 'लँडयूज = ऑर्चर्ड' व सोबत 'ट्रीज' या रकान्यात झाडाचा प्रकार लिहावा. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाल्यावर अनेक वरकस जमिनींवर काजू-आंबा आला. छायाचित्रात त्या बागा जंगलासारख्या दिसतात आणि दूरचा माणूस त्यांना जंगल म्हणून मोकळा होतो. अशा नोंदी आवर्जून दुरुस्त कराव्यात. यंदा लावलेला भाताचा वाण किंवा भातानंतर पेरलेला वाल मात्र नकाशावर लिहू नये. दरवर्षी बदलणारी गोष्ट कोणी दरवर्षी दुरुस्त करीत नाही.

नावाच्या रकान्यात फक्त नाव लिहावे. विहिरीच्या नावापुढे 'विहीर' असे लिहिणे म्हणजे बैलाचे नाव 'बैल' ठेवण्यासारखे आहे. नाव नसेल तर रकाना मोकळा ठेवावा.

औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांसाठी

महाड औद्योगिक वसाहतीचे क्षेत्र 'लँडयूज = इंडस्ट्रियल' या टॅगने दाखविले जाते. तिच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी दोन नोंदींकडे लक्ष द्यावे.

पहिली पऱ्ह्याची. 'ड्रेन' म्हणजे माणसाने निचऱ्यासाठी बांधलेली नाली, 'स्ट्रीम' म्हणजे नैसर्गिक प्रवाह. कारखान्यांच्या कडेने वाहणारा पऱ्ह्या छायाचित्रात सरळ व काळसर दिसला की दूर बसलेला माणूस त्यास ड्रेन म्हणतो. पाणी कसेही असो, डोंगरातून येणारा पऱ्ह्या हा पऱ्ह्याच आहे. एकदा तो नकाशावर गटार झाला की त्या नकाशावरून आखणी करणारा पुढचा माणूस त्याला गटारच समजून चालतो, आणि खालच्या अंगाची खाचरे त्याच पाण्यावर आहेत हे त्याच्या ध्यानी येत नाही.

दुसरी विहिरीची. पाणी पिण्यास योग्य की अयोग्य यासाठी 'ड्रिंकिंग वॉटर = यस' किंवा 'नो' असा रकाना आहे. तो ऐकीव माहितीवर भरू नये. विहिरीवर तसा फलक असेल किंवा शासकीय प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडे असेल तरच भरावा. अहवालाचा महिना व वर्ष वर्णनाच्या रकान्यात लिहावे, कारण पाण्याचा गुण पावसाळ्याआधी व नंतर सारखा राहत नाही. या नकाशाचा मूळ नियमच असा आहे की, जे लिहिले ते दुसऱ्या माणसाने जागेवर जाऊन पडताळता आले पाहिजे. 'या विहिरीत वास येतो' ही तक्रार खरी असली तरी तिची जागा नकाशा नव्हे. तिच्यासाठी लेखी अर्ज व पाण्याचा नमुना हाच मार्ग आहे. उलट, खात्री नसताना 'यस' लिहिणे हे त्याहून घातक आहे. परगावचा मजूर त्या भरवशावर पाणी पिऊ शकतो.

काय लिहू नये

जमीनमालकाचे नाव, खासगी फोन क्रमांक, कोणाच्या घरात कोण राहते ही माहिती टाकू नये. बांधाचा वाद या नकाशावर नेऊ नये. हद्दीचा पुरावा म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, हा नकाशा नव्हे. शिवाय झाडीत फोनवरील स्थान काही मीटरने सहज चुकते आणि तेवढ्यात बांध इकडचा तिकडे होतो. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे किंवा रेषा उतरवून घेऊ नयेत, त्यास परवानगी नाही.

कामाची पद्धत

एका वेळी एकच वाडी घ्यावी. प्रथम कागदावर कच्चा नकाशा काढून वाडीतील जाणत्या माणसांना, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायकांना, दाखवावा. कोणता झरा कधी आटतो हे त्यांना तारखेनिशी ठाऊक असते. त्यानंतर फोनवर नोंदी कराव्यात. अँड्रॉइड फोनवरील स्ट्रीटकंप्लीट हे अ‍ॅप जागेवर साधे प्रश्न विचारते व उत्तराचा टॅग स्वतःच तयार करते. नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. विहीर, झरा अशा नव्या वस्तू घालण्यासाठी एव्हरी डोअर सोयीचे आहे. ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणारे कृषी पदवीचे विद्यार्थी या कामी उपयोगी पडतात. चुकीची नोंद झाल्यास घाबरू नये. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो व तो मागे घेता येतो.

फेऱ्या दोन कराव्यात. मे महिन्यात पाणी तपासावे आणि जुलैमध्ये, पाऊस उघडला असता सुरक्षित जागेवरून, फरशा व पऱ्हे पाहावेत. घाटातील वाड्यांत नेटवर्क मिळत नाही, म्हणून ऑस्मअँडसारख्या अ‍ॅपमधून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येतो. मात्र आपण केलेली दुरुस्ती अशा उतरवलेल्या नकाशात आपोआप येत नाही. नवी प्रत निघण्यास काही आठवडे लागू शकतात. त्यामुळे दुरुस्त्या एप्रिलअखेर उरकून मेच्या शेवटच्या आठवड्यात नवी प्रत उतरवून घ्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या व पोलीस पाटलांच्या फोनमध्येही तीच घालून द्यावी.