क्षमा करणारे नेमकं काय करतात?

२५ फेब्रुवारी १९९५. मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया बसल्या होत्या. पुढे त्यांना केरळला, घरी जायचं होतं. वाटेत जंगलाचा भाग लागला, तेव्हा समंदर सिंह नावाचा तरुण जागेवरून उठला आणि त्याने चाकू काढला. आधी बसमध्ये, मग खाली ओढून तो वार करत राहिला. चाळीसहून जास्त घाव होते. बसमध्ये माणसं होती, पण मध्ये कुणी पडलं नाही.

राणी मारिया मूळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळीच्या. जन्म १९५४चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात त्या जोगीण झाल्या आणि १९९२मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथले भूमिहीन मजूर आणि आदिवासी सावकारांच्या पाशात अडकलेले. त्यांना एकत्र करायचं, बचत करायला शिकवायचं, सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायचा, हे त्यांचं काम. मजूर हक्काची भाषा बोलू लागले, तसा ज्यांचा धंदा बसला त्यांचा राग सिस्टरांवर निघाला. समंदरच्या हातात चाकू होता. फूस दुसऱ्यांची होती.

समंदरला जन्मठेप झाली. तुरुंगात त्याचा संसार मोडला. आपल्याला पुढे करून मोकळे झालेल्यांचा सूड घ्यायचा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. स्वामी सदानंद नावाचे कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटायला जाऊ लागले. राणी मारियांच्या घरच्यांनी तुला माफ केलं आहे, ही गोष्ट त्याच्या गळी उतरायला बराच काळ जावा लागला. मग २००२मध्ये, राखीपौर्णिमेच्या सुमारास, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदरच्या हाताला राखी बांधली. सेल्मी त्याच संघातली जोगीण. बहिणीला मारणाऱ्या हाताला तिने उत्तर भारतातल्या घराघरांत कळणारा धागा बांधला. वेगळं प्रवचन द्यायची गरजच उरली नाही.

पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला. २००६मध्ये तो सुटला आणि २००७मध्ये पुल्लुवळीला गेला. राणी मारियांच्या आईने, एलिस्वांनी, त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. संतपदाच्या वाटेवरची ही पायरी.

ही हकीकत ऐकून ‘देवमाणसं!’ म्हणून हात जोडले की आपण मोकळे होतो. पण तारखा पाहा. खून १९९५चा, राखी २००२ची, भेट २००७ची. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा ही आज्ञा आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत स्वतःसाठी क्षमा मागताना दुसऱ्याला क्षमा केल्याचंही म्हणावं लागतं. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं शिष्य पेत्राने विचारलं, तेव्हा येशूने आकडा सात गुणिले सत्तरवर नेला. म्हणजे मोजणंच सोड. ही आज्ञा पाळणाऱ्यालाही रात्री झोप लागत नाही, राग पुन्हा उसळतो, आणि सकाळी उठून पुन्हा तोच निर्णय घ्यावा लागतो. सेल्मीची राखी हा अशा निर्णयांनंतरचा दिसणारा भाग.

दुसरा प्रश्न न्यायाचा. ओडिशातल्या मनोहरपूर गावात जानेवारी १९९९मध्ये जीपगाडीत झोपलेल्या ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या फिलिप आणि टिमथी या दोन लहान मुलांना जमावाने जाळून मारलं. हे ऑस्ट्रेलियन मिशनरी बारिपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, पण कायद्याने आपलं काम करावं हेही सांगितलं. खटला चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला २००३मध्ये फाशी सुनावली गेली, २००५मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिस यांच्या क्षमेमुळे यातलं काहीच अडलं नाही. मुलगी एस्थरला घेऊन त्या २००४पर्यंत बारिपदातच राहिल्या, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. सूडाचा हक्क सोडणं वेगळं आणि गुन्ह्याला गुन्हा म्हणणं सोडणं वेगळं.

तिसरा प्रश्न दुःखाचा. त्याला अर्थ कुठून येतो, याचं उत्तर महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याने दिलं. १८७०च्या दशकात, दुष्काळाच्या काळात भटकताना त्यांचे आईवडील गेले. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२मध्ये नवरा गेला. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायकांना त्या घेऊन आल्या आणि केडगावला ‘मुक्ती’चं काम उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आईवडील गेले ते या कामासाठी, असं म्हणणं क्रूर ठरेल. पण ते गेल्यानंतर त्या दुःखाचं काय करायचं, हे रमाबाईंच्या हातात होतं.

इथे एक धोका आहे. ‘माफ कर, त्यातच देवाची इच्छा असेल’ हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला तिच्या घरचेच ऐकवतात, आणि मारणारा तसाच राहतो. एलिस्वा, सेल्मी, ग्लॅडिस यांना कुणी क्षमा करायला भाग पाडलं नव्हतं. क्षमा मागता येते, तिची वसुली करता येत नाही. दुसऱ्याच्या वेदनेत आपण अर्थ शोधून देऊ नये. ज्याची वेदना, त्यालाच तो अधिकार.

बाहेरच्यांच्या वाट्याला काम तरीही उरतंच. समंदर बदलला, कारण कुणीतरी तुरुंगाच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहिलं. क्षमा करणाऱ्याचं कौतुक आपण पुष्कळ करतो. ती पोचवणाऱ्याचे कष्ट मात्र आपल्याला दिसत नाहीत.