खालच्या अंगाचा पाणवठा

गावगाड्यात पाण्यालाही उतरंड होती. ओढ्याच्या वरच्या अंगाचा पाणवठा सवर्णांचा. तेथे कपडे धुऊन, गुरे पाजून जे पाणी खाली वाहत येई, ते आपल्या वस्तीच्या वाट्याचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी याच उतरंडीला आव्हान दिले.

आज रुवीतील इमारतीत नळ सोडताना तो पाणवठा आठवावा, याला कारण आहे. येथे आपण वरच्या अंगाला राहतो. आपल्या मोरीतून गेलेले पाणी कोणाच्या तरी वाट्याला जाते.

रुवीला लागूनच दारसैत येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे; मस्कतचे मोठे केंद्र अल अन्सब येथे आहे. अशा केंद्रांत प्रथम जाळ्यांवर कचरा अडवला जातो आणि वाळू खाली बसवली जाते. पुढे हवा सोडलेल्या टाक्यांत सूक्ष्मजीव पाण्यातील घाण खाऊन टाकतात. अल अन्सबला तर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून गाळले जाते. मस्कतच्या रस्त्यांकडेची हिरवळ आणि खजुराची झाडे अशाच शुद्ध केलेल्या पाण्यावर जगतात. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहराला ते परवडणारे नाही असे नव्हे, त्यावाचून परवडणारे नाही.

जेथे मलवाहिनी पोहोचलेली नाही, तेथे घराखाली टाकी असते आणि ती टँकरने उपसावी लागते. टाकी झिरपली किंवा मैला कोरड्या वादीत ओतला गेला, तर तो भूजलात उतरतो. वादीला पूर आला की थेट समुद्रात जातो. येथे समुद्र हा केवळ प्रवाहाचा शेवट नाही. १९७६ साली घुब्रा येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला आणि आजही मस्कत मुख्यतः समुद्राचेच पाणी पिते. २००८-०९ मध्ये ओमानच्या आखातात विषारी शैवालांचा तांबडा थर पसरला, तेव्हा असे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. अशा शैवालांच्या वाढीला अनेक कारणे असतात. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद त्यांना खाद्य पुरवतात, हे त्यांपैकी एक. म्हणजे आपण जे खाली सोडतो, ते फिरून आपल्याच पेल्याशी येते.

ओमानी माणसाला ही जाण जुनीच आहे. निझव्याच्या फलज दारिससह पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आले. फलजचे पाणी गावात शिरते तेथे पिण्यासाठी भरायचे, त्याखाली अंघोळ व धुणे, शेवटी शेती, असा परंपरेचा क्रम. तेथे वरचे आणि खालचे स्थान ठरते ते पाण्याच्या वापरावरून. आपल्या गावात ते माणसाच्या जातीवरून ठरत होते.

तथागतांच्या भिक्खुसंघालाही पाण्यात मलमूत्र विसर्जन करण्यास वा थुंकण्यास मनाई होती. विनयपिटकातील सेखिय नियमांत ती नोंदलेली आहे. आपल्या घरात तिचा अर्थ साधा आहे: तळणीचे तेल, उरलेली औषधे, ओले पुसणे, सॅनिटरी पॅड मोरीत वा शौचकूपात टाकू नयेत. तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्यावे.

कारण तुंबलेली वाहिनी कोणालातरी मोकळी करावी लागते. भारतात २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी आहे. तरीही गटारात माणसे मरत राहिली, म्हणून २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मरणारे बहुतांशी कोणत्या वस्तीतले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. रुवीतही गटारापाशी उभा असलेला कामगार बहुधा आपल्यासारखाच घर सोडून आलेला असतो.

खालच्या अंगाचे पाणी आपल्या आज्यापणज्यांनी प्यायले आहे. त्याची चव ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांनी तरी ते दुसऱ्याच्या वाट्याला पाठवू नये.