अद्ययावत झालेला संगणक अडतो तेव्हा

घरातील संगणक सुरळीत चालू असतो तोवर त्याची कोणी दखल घेत नाही. परंतु एखाद्या दिवशी ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर झळकते, अर्धा-पाऊण तास तसाच जातो आणि त्यानंतर संगणक सुरूच होत नाही. किंवा सुरू झाला तरी प्रिंटर, इंटरनेट अथवा मराठी टंकलेखन रुसून बसते. घरात तारांबळ उडते ती अशा वेळी. या प्रसंगी काय करावे, याइतकेच काय करू नये हेही जाणून घेणे अगत्याचे आहे; कारण घाईने टाकलेले पाऊल संगणकापुरते न राहता थेट आपल्या बचत खात्यापर्यंत पोहोचू शकते.

कोलकात्यातील नेमणुकीत मला आलेला एक अनुभव या दृष्टीने बोलका आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासामुळे येथील मराठी कुटुंबांशी बँकेबाहेरही ओळख होते. अशाच ओळखीतील एका निवृत्त गृहस्थांचा एके सकाळी शाखेत दूरध्वनी आला. आदल्या सायंकाळी त्यांचा संगणक अद्ययावत होत असतानाच कालबैसाखी आली. चैत्र-वैशाखात बंगालवर कोसळणारे हे वादळ म्हणजे आपल्याकडील वळवाचा थोरला भाऊच! वीज गेली, काम अर्ध्यावर राहिले आणि सकाळी संगणक सुरू होईना. त्यांनी मोबाइलवर शोध घेऊन एका ‘मदत केंद्रा’चा क्रमांक मिळवला. पलीकडून अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले, की मोबाइलवर एक ॲप घ्या आणि नोंदणीशुल्क म्हणून केवळ दहा रुपये भरा.

“अहो, दहा रुपयांचे काही नाही, पण मी बँकेचा पासवर्ड टाकत असताना त्यांना माझ्या मोबाइलचा पडदा कशाला दिसायला हवा?” त्यांनी विचारले.

“काका, आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा आणि ते ॲप काढून टाका. बाकीचे मग पाहू,” एवढेच मी म्हणालो.

पासवर्ड बदलला, खाते तपासले. रक्कम सुरक्षित होती. संगणक पुढे दोन दिवसांत दुरुस्त झाला. तथापि तो पासवर्ड टाकला गेला असता, तर आयुष्यभराची पुंजी परत मिळवणे इतके सोपे नव्हते.

बिघाड का होतो?

संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूळ कार्यप्रणालीवर चालतात, तिचे काही भाग सतत वापरात असतात. चालत्या गाडीचे चाक बदलता येत नाही, त्याप्रमाणे हे भाग संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होत असतानाच बदलावे लागतात. नेमक्या त्या वेळी वीज गेली, तर जुने निघाले आणि नवे बसले नाही, अशी अवस्था होऊ शकते.

दुसरे कारण ‘ड्रायव्हर’चे. प्रिंटर, ध्वनी, इंटरनेट यांसारख्या प्रत्येक यंत्रणेशी संवाद साधण्यासाठी संगणकात एक दुभाषा कार्यक्रम असतो. प्रणाली बदलली आणि दुभाषा जुनाच राहिला, की संवाद तुटतो. तिसरे कारण म्हणजे डिस्कवर पुरेशी मोकळी जागा नसणे. आणि चौथे, खुद्द अपडेटमधीलच दोष.

या चौथ्या कारणाची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ आला. त्याने संगणकाभोवतीची सुरक्षा-भिंत आपोआप चालू केली आणि अनेकांचे नित्याचे कार्यक्रम अडू लागले. अशा कार्यक्रमांची यादीच मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली होती. २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने तर काही वापरकर्त्यांचे दस्तऐवज व छायाचित्रेच नाहीशी केली. कंपनीला अवघ्या काही दिवसांत त्याचे वितरण थांबवावे लागले आणि सुधारित आवृत्ती नोव्हेंबरमध्ये देण्यात आली.

मग अपडेट बंदच का ठेवू नये?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर २०१७ या वर्षाने दिले आहे. विंडोजमधील एक गंभीर उणीव दूर करणारे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्या संगणकांवर १२ मेपासून ‘वॉनाक्राय’ने हल्ला चढवला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा विषाणू सुमारे १५० देशांत पसरला. पश्चिम बंगालमध्ये पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील राज्य वीज वितरण कंपनीच्या काही कार्यालयांतील संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. पुढील महिन्यात, त्याच उणिवेचाही उपयोग करणाऱ्या दुसऱ्या एका हल्ल्याने मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले.

नवे कुलूप बसवल्यावर दार थोडे घट्ट लागते म्हणून कोणी दार उघडे टाकून झोपत नाही. अपडेटचेही तसेच आहे. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, ही बाबही या संदर्भात ध्यानात ठेवावी. ज्या प्रणालीला सुरक्षा-अपडेट मिळत नाही, त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार न करणेच श्रेयस्कर.

संगणक अडल्यास काय करावे?

१. प्रथम धीर धरावा. जुन्या संगणकावर अपडेटला कित्येकदा तासाहून अधिक काळ लागतो. काम चालू असल्याची सूचना दिसत असताना वारंवार बटण दाबून संगणक बंद करू नये.

२. प्रिंटर, पेन ड्राइव्ह आदी बाहेरची जोडणी काढून संगणक पुन्हा सुरू करून पाहावा.

३. विंडोज सुरू होण्यात लागोपाठ अपयश आल्यास दुरुस्तीचे पर्याय देणारा पडदा सहसा आपोआप येतो. तेथून शेवटचे अपडेट काढून टाकता येते, अथवा पूर्वी नोंदवलेल्या स्थितीकडे परतता येते. प्रणालीची संपूर्ण नवी आवृत्ती घेतली असेल, तर जुन्या आवृत्तीकडे परतण्यासाठी सामान्यतः १० दिवसांची मुदत असते.

४. काही संगणक अपडेटनंतर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतात. डिस्कवरील माहिती कुलूपबंद असल्याचे ते लक्षण होय. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या संगणकावरून वा मोबाइलवरून ती पाहता येते. तिच्याविना डिस्कवरील माहिती वाचता येत नाही. यास्तव ती आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

५. केवळ प्रिंटर वा ध्वनी बंद पडला असेल, तर त्या उपकरणाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवा ड्रायव्हर घ्यावा.

६. संगणक दुरुस्तीस द्यायचा असल्यास ओळखीच्या तंत्रज्ञाकडे द्यावा, पावती घ्यावी आणि संगणकात जतन केलेले बँकेचे पासवर्ड अन्य साधनावरून बदलून टाकावेत.

काय करू नये?

इंटरनेटवर शोधून मिळालेल्या मदत क्रमांकावर विसंबू नये. ‘तुमच्या संगणकात बिघाड झाला आहे’ असे सांगत कोणी आपणहून दूरध्वनी केल्यास तो कपटच समजावा. कोणतीही प्रतिष्ठित कंपनी असा दूरध्वनी करत नाही. आपला पडदा दुसऱ्यास दाखवणाऱ्या ॲपच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. दुर्दैवाने रक्कम गेलीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. रक्कम पुढील खात्यांत वळती होण्यापूर्वी ती रोखून धरता येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

पूर्वतयारी

महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे यांची एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि प्रत काढून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून अलग करावी. डिस्कवर वीसेक गिगाबाइट जागा मोकळी राखावी. अपडेट घेण्यासाठी निवांत वेळ निवडावी. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडलेला असावा, अन्यथा यूपीएस असावा.

त्या काकांनी पुढे चांदनी चौकाच्या बाजारातून यूपीएस आणला. आता अपडेटची सूचना आली, की ते प्रथम खिडकीतून आभाळाकडे पाहतात, मग छायाचित्रांची प्रत काढतात आणि त्यानंतरच संमतीचे बटण दाबतात. मदत केंद्राचा तो क्रमांक मात्र त्यांनी वहीतून खोडून टाकला आहे आणि त्या जागी आमच्या शाखेचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला आहे. आपणही आपल्या शाखेचा क्रमांक पासबुकावरून आजच उतरवून घ्यावा, ही विनंती.